काखेतल्या कानशी

आमच्या गल्लीत काम मागत नाहीत. मागितलं की मान खाली जाते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ज्याच्याकडे काम नाही तो सकाळी आपल्या कानशी फडक्यात गुंडाळतो, गुंडाळी काखेत मारतो आणि गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालायला लागतो. सावकाश. इकडेतिकडे बघायचं नाही, कुणाच्या दाराशी रेंगाळायचं नाही. ज्याला माणूस हवा असेल तो कारखानदार दारात येऊन म्हणतो, "ओ कारागीर, हात मोकळा आहे का?" हाक मारणारा सख्खा मामा असला तरी त्या घटकेला नाव घेत नाही. कारागीरही तोंडाने हो म्हणत नाही. काखेतली गुंडाळी हातात घेतो, म्हणजे ठरलं. नको असेल तर तशीच काखेत ठेवून पुढे जातो, आणि कुणाला त्याचा राग येत नाही. मात्र एकदा गुंडाळी हातात घेतली की ते काम संपेपर्यंत दुसऱ्या दाराकडे बघायचं नाही. राजाने बोलावलं तरी नाही.

ज्याला काम आहे त्याच्या कानशी रात्री कारखान्यातच राहतात. त्यामुळे कोण रिकामं बसलंय ते विचारावं लागत नाही. आमच्याकडे माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी काखेकडे.

आम्ही कुलपं करणारे लोक. अख्खी गल्ली कुलपांची, मागची गल्लीही कुलपांचीच. कुणाकडे पितळ ओततात, कुणाकडे पॉलिश होतं, आमचे हे किल्ल्या कापतात आणि मी त्या जोडीजोडीने तारेत ओवते. बाहेरचे लोक मला विचारतात, एकाच धंद्याचे इतके जण एकमेकांच्या उरावर कशाला बसलात, एकमेकांचं गिऱ्हाईक नाही का पळवत? पळवतात की. पण एकाची मागणी बसते तेव्हा शेजारच्याची उठलेली असते. इथला माणूस तिथे जातो आणि संध्याकाळी त्याच्या घरची चूल पेटते. मालकाकडे अचानक मोठं काम आलं तर जेवणाच्या सुट्टीच्या आत त्याला हात मिळतात. आणि भांडण झालं तर काय, कानशी उचलायच्या आणि समोरच्या दारात जायचं. इतकं स्वस्त भांडण दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळणार नाही. गल्ली सोडून शहाणे झालेत त्यांना हे सांगून उपयोग नाही, पण खरं ते खरं.

आता भाऊजींचं सांगते. भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. मी मागच्या गल्लीतून लग्न होऊन आले तेव्हा त्यांना नाक पुसायचं कळत नव्हतं. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे जावई शोधायला निघालेल्या माझ्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं की लेकीला नवऱ्याबरोबर एक पोरगंही मिळणार आहे. वाढवलं मी. तोंडाने कमी होते, अगदीच कमी. गल्लीने त्यांचं नावच पाडलं होतं, मुके. मुके आले का, मुक्यांना चहा द्या, असं चालायचं, आणि ते हसायचे.

काम त्यांचं जुळणीचं. कुलपाच्या पोटात पातळ पट्ट्या असतात. किल्ली फिरवली की त्या सगळ्या एकदम बरोबर उंचीला याव्या लागतात, तरच कुलूप उघडतं. त्या पट्ट्या एकेक करून कानशीने घासायच्या आणि किल्लीशी जुळवायच्या. जरा जास्त घासली की पट्टी फुकट गेली. भाऊजी कुलूप कानाशी धरून किल्ली फिरवायचे आणि कुठली पट्टी अडते ते ऐकायचे. ते गुंडाळी काखेत घेऊन निघाले तर कोपऱ्यावरच्या नळापर्यंतसुद्धा कधी पोचले नाहीत. त्याच्या आत कुणीतरी हाक मारलेलीच असायची. एकदा दोन मालकांनी एकदम हाक मारली आणि मग ते दोघं आपसात भांडत बसले. भाऊजी मध्ये उभे, गुंडाळी काखेत, चेहऱ्यावर इवलंसं हसू. त्या दिवशी मला त्यांचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू.

मग धाकटी आजारी पडली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. गल्लीत पितळेचा कीस हवेतच असतो. चहाच्या कपात पडतो, उशीवर पडतो. आम्ही तो खाऊनच मोठे झालो. ती बाहेरची, तिला नाही सोसला. आधी खोकला, मग धाप. पुढे पुढे तर तिला एक वाक्य धड पुरं करता येईना. "जाऊबाई, पाणी" एवढं म्हणायची आणि "द्या" राहून जायचं. डॉक्टरांनी सांगितलं, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे इथून उठा.

नेमकं त्याच सुमारास मोठ्या मालकांनी दूरवर नवा कारखाना काढला. गल्लीतला सगळ्यात मोठा धंदा त्यांचा. त्यांनी लांबच्या मोकळ्या माळावर जागा घेतली, इथल्या खोलीच्या भावात तिथे मैदान. उंच छप्पर, मोठ्या खिडक्या, कामगारांना राहायला दोन-दोन खोल्या आणि महिन्याला ठरलेला पगार. गल्लीतले काही कारागीर त्यांच्याबरोबर गेले. भाऊजीही गेले. बायकोचा श्वास आणि कायमची नोकरी एकाच जागी मिळत असताना कोण नाही म्हणेल? निघताना गुंडाळी काखेत नव्हती, ट्रंकेत ठेवली होती. मी म्हटलं, "भाऊजी, दुरून डोंगर साजरे." ते म्हणाले, "हो वहिनी." एवढंच. हो म्हणाले आणि गेले.

मला धाकटीचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. आजारी माणसाचा राग करू नये हे मलाही कळतं. पण घरातला एक कोपरा रिकामा झाला की राग कुणावर तरी काढावाच लागतो.

बाकीचे मात्र एकेक करून परत आले. पहिला आला त्याचं तिथल्या सुपरवायझरशी वाजलं होतं. तो सांगत होता, "रागाने कानशी उचलल्या, बाहेर आलो, आणि बघतो तर समोर दारच नाही. एका बाजूला बिस्किटांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पाइपांचा. परत आत कसा जाऊ आणि पुढे कुठे जाऊ?" तिथे भांडण गिळावं लागायचं, आणि आमच्या लोकांना ती सवय नाही. दुसऱ्याला करमेना. तिसरा आपल्या मुलाला धंदा शिकवत होता, पण पोरगं आजूबाजूला कुणीच ते करताना बघत नव्हतं, तर त्याला गोडी लागणार कुठून?

मालकांचेही हाल कमी नव्हते. जुळणीचा एक माणूस तापाने झोपला की पुढची सगळी रांग हात जोडून बसायची. गल्लीत असते तर दारात येऊन एक हाक मारली असती. तिथे कुणाला मारणार? त्यांनी तिथल्या पोरांना शिकवून पाहिलं. पोरं हुशार होती, शिकलीही, आणि शिकून बिस्किटांकडे गेली, कारण तिथे पगार तोच आणि हात काळे होत नाहीत. इथून माणसं न्यायला गाडी पाठवली तर गाडी रिकामी परत गेली. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी त्यांनी कंटाळून यंत्रं भरली आणि गल्लीत परत आले. चढ्या भाड्याने, अंधाऱ्या खोलीत, पण परत आले. सगळे आले. भाऊजी तेवढे आले नाहीत.

मोठे मालक स्वतः माझ्याकडे आले. मी किल्ल्या ओवत होते. खाली जमिनीवर बसले, इतका मोठा माणूस. म्हणाले, "तुमचा दीर मला हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. माझ्याकडे जुळणीला तसा हात नाही. त्याला सांगा, काखेत गुंडाळी घेऊन चालायचीही गरज नाही, मी घराच्या पायरीशी येऊन हाक मारीन. तुमचं ऐकेल तो."

गल्लीत आजवर कुणाला असं बोलावणं आलेलं नाही. मी तारेची टोकं तशीच सोडली, आमच्या यांना सांगितलं की जेवणाचं बघा तुमचं तुम्ही, आणि बसमध्ये बसले. मनात पक्कं ठरवलं होतं, त्यांना घेऊनच यायचं. धाकटी काही बोललीच तर तिला चार शब्द ऐकवायचेही ठरवले होते. कुठले ते बसमध्ये पाठ करत होते.

बसमधून उतरले तर समोर नुसता रस्ता. रुंद, सरळ, स्वच्छ. दोन्ही बाजूंना लांबलचक भिंती आणि मोठी फाटकं, आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. आमच्या गल्लीत चालताना कुणाच्या घरी काय शिजतंय तेही कळतं. इथे बिस्किटांचा गोड वास तेवढा होता, आणि तो सगळीकडे सारखाच. मालकांच्या कारखान्याच्या फाटकाला साखळी होती. साखळीला बाजारातलं कुठलंतरी हलकं कुलूप होतं. मला मेलीला तेच आधी दिसलं.

दार धाकटीने उघडलं आणि माझे चार शब्द तिथेच गळाले. ती चक्क जाड झाली होती. गालावर रंग होता. "अगंबाई, जाऊबाई, कळवायचं तरी, मी स्टॉपवर आले असते, बॅग द्या इकडे, किती जड आहे, काय भरलंय काय, बसा आधी, चहा टाकते," हे सगळं तिने एका दमात म्हटलं. एका दमात. मी दारातच उभी राहून ऐकत होते. तिचा आवाज असा आहे हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली होती. मालकांच्या खोल्या बिस्किटवाल्यांनीच घेतल्या, म्हणून यांची जागा टिकली.

भाऊजी खिडकीशी बसले होते. वाळले होते. खिडकीच्या कट्ट्यावर एक कुलूप उघडून पट्ट्या ओळीने मांडलेल्या. मला बघून उठले, पाया पडले, आणि मग हा मुका माणूस जो बोलायला लागला तो थांबेना. पितळ हल्ली कुणाचं चांगलं येतं? पॉलिशवाल्याचं चाक अजून कुरकुरतं का? कोपऱ्यावरचा नळ बदलला का? आता जुळणीला कोण बसतं, त्याचा हात हलका आहे की जड? दादाच्या किल्ल्यांचा तिसरा दात अजून जरा लांब येतो का? मी सांगत गेले. ते पुढे वाकून ऐकत होते. माझं सांगून संपल्यावर म्हणाले, "इथे कुणाला विचारता येत नाही." मग पट्ट्या पुन्हा कुलपात भरायला लागले. मला रडू आलं. मी चहा गरम आहे असं म्हणून डोळे पुसले.

जेवताना निरोप सांगितला. मालक पायरीशी येऊन हाक मारणार म्हणाले तसा त्यांचा हात ताटातच थांबला. मान खाली होती, पण कान लाल झालेले मला दिसले. लहानपणी कौतुक केलं की असेच व्हायचे.

धाकटी म्हणाली, "मग जाऊ या की."

"नको," भाऊजी म्हणाले.

"माझं काय, मी बरी झाले आता."

"इथे बरी आहेस."

"अहो, पण तुम्ही..."

"पाणी दे," ते म्हणाले. तिने पाणी दिलं. भाऊजी पुढे जेवायला लागले.

मी मात्र गप्प बसणारी नव्हे. भांडी घासताना धाकटीला गाठली. म्हटलं, "तुझा श्वास मोलाचा आहे, मान्य. पण त्यांचा? तो माणूस इथे सुकत चाललाय. तिकडे पाइपवाले त्यांना फाटकावर राखणीला बसवणार म्हणे. कुलूप जुळवणारा माणूस दुसऱ्याचं कुलूप उघडझाप करत बसणार?"

ती भांडं घासत राहिली. मग म्हणाली, "जाऊबाई, मी कितीदा म्हटलं, चला. मी ट्रंकही भरली होती. त्यांनी परत रिकामी केली. मी गेले तर माझा दम जाणार, नाही गेले तर त्यांचा. इकडे आड, तिकडे विहीर. सांगा तुम्ही काय करू ते." आणि हातातलं भांडं विसळून म्हणाली, "उद्या सकाळी खिडकीत बसा. तुम्हाला दाखवते."

सकाळी उठले तर भाऊजींनी आंघोळ करून स्वच्छ सदरा घातलेला. कानशी फडक्यात गुंडाळल्या, गुंडाळी काखेत घेतली आणि बाहेर पडले. मी खिडकीत, धाकटी माझ्या मागे. ते रस्त्याच्या कडेने चालायला लागले. सावकाश. इकडेतिकडे बघत नव्हते, कुठल्या फाटकाशी रेंगाळत नव्हते. बिस्किटांच्या भिंतीकडेने गेले. पाइपांच्या भिंतीकडेने गेले. औषधाच्या बाटल्यांचा कारखाना होता त्यावरून गेले. माणसं सायकलवरून जात होती, एकाचीही नजर त्यांच्या काखेकडे गेली नाही. रस्त्याच्या टोकाशी ते लहानसे दिसायला लागले, आणि तिथून वळून परत निघाले.

"कारखाना बंद झाल्यापासून रोज," धाकटी म्हणाली. "एकदा एका वॉचमनने विचारलं, काका, काय विकता? मला त्या वॉचमनच्या बायकोने सांगितलं. यांनी घरी काही सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही."

कुलपाच्या धंद्यातला माणूस बिस्किटांच्या रस्त्यावर गुंडाळी काखेत घेऊन चालतोय, हा वेडेपणा आहे हे त्यांना कळत नव्हतं का? कळत होतंच. पण रिकाम्या हाताच्या माणसाने सकाळी करायचं ते हेच, दुसरं काही त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. मीच वाढवलं होतं त्यांना. एवढं एकटं माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि हजारभर लोक कामाला जात होते त्या रस्त्याने.

ते परत येताना घराजवळ पोचले तशी धाकटी माझ्यामागून उठली. मला वाटलं चहा टाकायला गेली. तिने ट्रंकेचं कुलूप काढून घेतलं होतं, गल्लीतून निघताना भाऊजींनीच जुळवून दिलेलं. दार उघडून ती पायरीवर उभी राहिली. पदर खोचलेला, एक हात चौकटीवर, अगदी आमच्या गल्लीतले कारखानदार उभे राहतात तशी. आणि मोठ्याने, एका दमात म्हणाली,

"ओ कारागीर, हात मोकळा आहे का?"

भाऊजी रस्त्यावरच थांबले. तिच्याकडे बघेनात, खाली बघत उभे. मला वाटलं आता पुढे चालत जातील, गुंडाळी काखेतच ठेवून. मी, खरं सांगते, मनातल्या मनात तेच म्हणत होते, जा पुढे, जा पुढे, तुमचं खरं बोलावणं मी घेऊन आलेय. पायरीशी मालक येणार आहेत तुमच्या.

त्यांनी काखेतली गुंडाळी काढली आणि हातात घेतली.

पायरीवर येऊन तिच्या हातातलं कुलूप घेतलं. कानाशी धरलं, किल्ली फिरवली. मी खिडकीतच होते, मला ऐकू आलं. आमच्या घरात चाळीस वर्षं तोच आवाज ऐकतेय मी. कुलूप बिलकूल अडत नव्हतं. लोण्यातून फिरावी तशी किल्ली फिरत होती.

"वेळ लागेल का याला?" धाकटीने विचारलं.

त्यांनी पुन्हा एकदा किल्ली फिरवली, पुन्हा ऐकलं.

"लागेल," भाऊजी म्हणाले. "बराच लागेल."

मग ते खिडकीशी येऊन बसले, गुंडाळी सोडली, कानशी ओळीने लावल्या आणि ते धडधाकट कुलूप खोलायला लागले. धाकटी डबा घेऊन कामाला गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, चालली मात्र भराभर, धाप न लागता.

मी दुपारच्या बसने निघाले. त्यांना पुन्हा काही विचारलं नाही. गल्लीच्या तोंडाशी उतरले तर मोठे मालक कोपऱ्यावरच्या नळापाशी उभे होते, वाट बघत. माझ्या मागे बघत होते, अजून कुणी उतरतंय का. हवेत पितळेचा कीस होता, पॉलिशचं चाक कुरकुरत होतं.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हात मोकळा नाही त्यांचा."

मालक आमच्या गल्लीतलेच. त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही.